पुसलं की धावतं, आठवड्याने पुन्हा थांबतं: एकाच जागी अडणारं इंजिन

तक्रार अगदी साधी आहे. मॉडेल रेल्वेचं इंजिन सगळीकडे नीट पळतं आणि एका ठरावीक जागी अडतं. बोटाने टिचकी मारली की पुढे जातं. रूळ पुसला की चार दिवस सुरळीत, आणि मग ये रे माझ्या मागल्या. माझ्याकडे हे जवळजवळ वर्षभर चाललं, आणि त्यातला बराच काळ मी चुकीच्या गोष्टीमागे लागले होते. तुमचंही इंजिन असंच रुसत असेल तर पुन्हा पुसायला घेण्याआधी हे वाचा.

माझा लेआउट, म्हणजे फळीवर मांडलेली छोटी रेल्वे, 6 फूट बाय 4 फूट, 3 फुटी दोन फळ्या जोडून केलेला. एचओ स्केल, म्हणजे प्रमाण 1:87 आणि दोन रुळांतलं अंतर 16.5 मिमी. कंट्रोलर साधा, 0 ते 12 व्होल्ट डीसी. सुरुवातीला नुसता अंडाकृती रूळ होता. मग एक लूप आला, मग मालगाडीसाठी सायडिंग (गाडी उभी करायचा बाजूचा रूळ), मग खडी, आणि शेवटी रुळांच्या कडांना गंजाचा तपकिरी रंग. हा क्रम लक्षात ठेवा. नुसता रूळ उघडा होता तेव्हा सगळं मख्खन चालत होतं. दुखणं सुरू झालं ते लेआउट ‘सुधारायला’ घेतल्यावर, आणि प्रत्येक सुधारणेनंतर थोडं वाढत गेलं. हे मला फार उशिरा दिसलं.

दोष इंजिनाचा की जागेचा

हे ठरवल्याशिवाय कशालाही हात लावू नका. दोन इंजिनं घ्या. दोन्ही अगदी कमी वेगात, चालत्या मुंगीसारखी, दोन्ही दिशांनी फिरवा. नंतर इंजिन उचलून उलट तोंड करून ठेवा आणि पुन्हा फिरवा. वेगात चाचणी घेऊ नका. वेगातलं इंजिन फ्लायव्हीलच्या (मोटरवरच्या जड चाकाच्या) आणि स्वतःच्या जोरावर खराब जागा ओलांडून जातं, आणि आपण खूश. जिथे अडेल तिथे रुळाशेजारी कागदी टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर इंजिन कोणतं नि दिशा कोणती ते लिहा.

सगळी इंजिनं एकाच जागी अडली तर दोष रुळाचा. एकच इंजिन सगळीकडे धक्के खात असेल तर दोष त्याच्या चाकांत किंवा वीज उचलणाऱ्या पट्ट्यांत. आणि एकच इंजिन एकाच जागी अडत असेल तर दोघंही थोडे थोडे दोषी. माझं चार चाकांचं छोटं शंटिंग इंजिन या शेवटच्या प्रकारातलं निघालं. आठ चाकांनी वीज उचलणारं मोठं डिझेल त्याच जागेवरून ऐटीत जायचं. त्यामुळे मी बिचाऱ्या शंटरला तीनदा खोललं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

खरा धागा मिळाला तो भाच्यामुळे. तो फळीला गाल टेकवून रुळाच्या पातळीवरून बघत होता. म्हणाला, “मावशी, थांबायच्या आधीच दिवा बारीक होतो गं.” मी इतके महिने वरून बघत होते, त्यामुळे मला इंजिनाचं छप्पर दिसायचं, दिवा नाही.

इंजिनाच्या पुढच्या दिव्याइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. दिवा हळूहळू मंद होत इंजिन थांबलं तर तिथवर व्होल्टेज कमी पोचतंय, म्हणजे वाटेत कुठेतरी विरोध वाढलाय. दिवा झटकन विझला तर वीज तुटली: मळ, मेलेला फ्रॉग (रूळ फुटतो तिथला बिनविजेचा तुकडा) किंवा सुटलेला जोड. दिवा लख्ख आणि इंजिन जागच्या जागी, तर विजेचा प्रश्नच नाही. काहीतरी अडकलंय, बहुधा कपलिंगचा खाली लोंबणारा आकडा किंवा गिअरमधला केस. आणि कंट्रोलरचाच ओव्हरलोडचा दिवा लागला तर शॉर्ट आहे. डीसीसी (रुळातून डिजिटल आज्ञा देऊन इंजिन चालवायची पद्धत) असेल तर आवाजाच्या इंजिनात कानांनीच कळतं: आवाज मध्येच तुटतो आणि इंजिन सुरू होतानाचा आवाज पहिल्यापासून वाजायला लागतो.

मळ, आणि मळाने केलेली फसवणूक

मळ खरा असतो, याबद्दल वाद नाही. हवेतली धूळ, गिअरमधून उडालेलं तेल, प्लॅस्टिकच्या चाकांची झीज आणि चाक-रूळ यांच्यात उडणाऱ्या बारीक ठिणग्यांनी तयार होणारी काजळी, या सगळ्यांचा काळपट लेप होतो. आजचे बहुतेक रूळ निकेल सिल्व्हरचे. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी औषधालासुद्धा नसते. तांबं, निकेल आणि जस्त. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. पण धातू कामाचा आहे. जुन्या पितळी रुळांवर चढणारा ऑक्साइडचा थर वीज चांगलीच अडवतो, निकेल सिल्व्हरवर तो त्रास बराच कमी.

पुसायला बिनरोव्यांचं सुती कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. अल्कोहोलऐवजी मिनरल स्पिरिटसारखा द्रव वापरला तर काजळी उशिरा परतते असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे, माझाही. पण अल्कोहोलसारखाच तोही ज्वलनशील असतो, खिडकी उघडी ठेवा आणि पूर्ण वाळेपर्यंत वीज सुरू करू नका. काचकागद टाळा, त्याने पडलेल्या चरांत मळ आणखी घट्ट बसतो. आणि लोखंडी काथ्या, म्हणजे स्टील वूल, लेआउटच्या आसपाससुद्धा आणू नका. त्याचे बारीक तंतू मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि मोटरच जाळतात. रुळांसोबत चाकंही पुसा. कापडाची पट्टी अल्कोहोलने ओली करून रुळावर आडवी टाकायची, इंजिनाची अर्धी चाकं पट्टीवर आणि अर्धी उघड्या रुळावर ठेवायची, हाताने धरून फिरू द्यायची. पट्टीवर उमटणारे दोन काळे पट्टे बघून आपण इतके दिवस कशावर गाडी चालवत होतो याची लाज वाटते.

आता फसवणुकीकडे येते. खराब जोडामुळे व्होल्टेज आधीच कमी पडत असेल, तर थोडासा मळही इंजिन थांबवायला पुरतो. तो पुसला की इंजिन कसंबसं त्या रेषेच्या वर येतं आणि चालतं. आपण म्हणतो, बघा, मळच होता! चार दिवसांनी पुन्हा थोडा मळ, पुन्हा थांबणं. पुसल्याने दुखणं जात नाही, फक्त झाकलं जातं. माझा साधा नियम असा: सगळीकडे सारखाच मळ बसत असताना इंजिन एकाच जागी अडतंय आणि तीच जागा आठवड्यातून दोनदा पुसावी लागतेय, तर तिथे मळ हे कारण नाही.

जोड: माझा खरा चोर

रुळाचे दोन तुकडे ज्या छोट्या पत्र्याच्या खोबणीने जोडले जातात ते रेल जॉइनर. नवे असताना ते रुळांना घट्ट धरतात आणि वीजही नेतात. दोन-चार वेळा काढले-घातले की सैल होतात. माझ्या बाबतीत मी त्यांच्यावर आणखी दोन अत्याचार केले. खडी चिकटवताना पांढरा गोंद निम्म्याला निम्मं पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब घालून टाकतात. साबण घालायचा तो द्रव फटीफटीत शिरावा म्हणूनच, आणि तो शिरलाच, जॉइनरमध्येसुद्धा. वरून गंजाचा रंग. भिंगातून बघितलं तर जॉइनर आणि रूळ यांच्या फटीत राखाडी, काचेसारखा पापुद्रा दिसला. रूळ आणि पत्रा यांचा एकमेकांशी संबंध नावापुरता उरला होता.

हे मीटरने पकडायला जाल तर तो पहिल्यांदा तुम्हाला फसवेल. मी कंट्रोलरच्या टोकांवर मोजलं, 12.0. अडणाऱ्या जागेवर मोजलं, 11.9. म्हणजे सगळं ठीक? नाही. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, आणि करंट वाहिल्याशिवाय खराब जोडावर व्होल्टेज पडत नाही. म्हणून भार लावून मोजायचं. 12 व्होल्टचा 5 वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा आणि त्या संशयित जागी दोन रुळांना टेकवा. तो साधारण 0.4 अँपिअर ओढतो, लहान इंजिनाला शोभेल इतका. बल्ब लावल्यावर कंट्रोलरपाशी 11.8 आणि टेप चिकटवलेल्या जागी 9.1. त्या 9.1 कडे मी बराच वेळ बघत बसले.

पुढची युक्ती त्याहून उपयोगाची. बल्ब तसाच पेटता ठेवा. मीटर व्होल्टवर. आता मीटरची एक सुई जोडाच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे, त्याच रुळावर टेकवा. चांगल्या जोडावर आकडा शून्याच्या आसपास राहतो, फार तर शंभराव्या भागात हलतो. माझ्या अंडाकृतीत एकेक जोड तपासत गेले: 0.01, 0.02, 0.01, मग एकदम 1.4, पुढे पुन्हा 0.02, आणि फळ्यांच्या सांध्याजवळ 1.1. चोर दोन होते आणि दोघांची नावं-पत्ते पाच मिनिटांत मिळाले. वर्षभर पुसण्यात गेलेले रविवार मी मोजले नाहीत, बरं झालं.

उपाय म्हणून जॉइनर बदलता येतात, पण खडी बसल्यावर ते काम जिवावर येतं. टिकाऊ उपाय म्हणजे जॉइनरवर वीज नेण्याची जबाबदारीच ठेवायची नाही. फळीखालून तांब्याची जाड वायरजोडी, म्हणजे बस, न्यायची, मी 1.5 चौरस मिमीची वापरली. तिच्यापासून प्रत्येक रुळाच्या तुकड्याला बारीक, 0.5 चौरस मिमीची फीडर वायर द्यायची. निकेल सिल्व्हरचा विरोध तांब्याच्या कमीत कमी दहापट असतो, त्यामुळे लांबचा प्रवास तांब्यातून करणंच शहाणपणाचं. एका बाजूच्या रुळाला लाल, दुसरीला काळी, आणि हा रंगाचा नियम कधीही मोडायचा नाही. रात्री अकरा वाजता ‘आत्ता काळी संपलीय, लालच लावू’ म्हणालात तर सकाळी शॉर्ट शोधत बसाल. हा सल्ला अनुभवाचा आहे.

फीडर सोल्डर करताना रुळाच्या बाहेरच्या अंगाला करा. आतल्या अंगाने चाकाची कड जाते, तिथे सोल्डरचा गोळा आला की गाडी उडी मारते. जागा कानशीने चकाकवायची, वायरच्या टोकाला आधीच सोल्डर पाजून ठेवायचं, फ्लक्स लावायचा आणि तापलेली इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, दोन-तीन सेकंदच टेकवायची. दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांवर, ओल्या कापसाचे बोळे ठेवले की प्लॅस्टिक वितळत नाही. इस्त्री कमी वॅटची असेल तर धातू तापायला वेळ लागतो आणि तेवढ्यात स्लीपर मेणासारखे वाकतात. म्हणजे गरम इस्त्री आणि चपळ हात. सगळे जोड मात्र सोल्डर करून टाकू नका. वळणावरचे केले तर चालतं, वळण गोल राहतं. सरळ रुळात काही जोड मोकळे आणि किंचित फट ठेवून असू द्या, नाहीतर उन्हाळ्यात रूळ वाकडे होतील.

आणि हे सगळं करताना हात फक्त रुळाच्या बाजूच्या कमी व्होल्टच्या वायरींना. कंट्रोलरचं खोकं उघडून आतल्या मेन लाइनशी खेळायचं नाही.

सांध्यावरचं अडणं

माझ्याकडे एकूण तीन टेप लागले होते. फीडर दिल्यावर दोन निघाले, तिसरा राहिला: लूपच्या सांध्यावर, म्हणजे एका रुळातून दुसरा फुटतो त्या पॉइंटवर. इथे दिवा झटकन विझायचा, म्हणजे आजार वेगळा.

पॉइंटमध्ये दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात त्या टोकाला फ्रॉग म्हणतात. बऱ्याच पॉइंटमध्ये तो प्लॅस्टिकचा, बिनविजेचा असतो. लांब इंजिनाला फरक पडत नाही, बाकीची चाकं वीज उचलतच असतात. चार चाकांच्या शंटरचं एक चाक फ्रॉगवर आलं की त्या बाजूला उरलं एकच चाक. आता पॉइंट जराही पिळलेला असेल तर चार पायांच्या डुगडुगत्या टेबलासारखं ते चाकही हवेत राहतं. माझा पॉइंट एका कोपऱ्याखाली खडीचा खडा गेल्यामुळे पिळला होता. लहान स्टीलची पट्टी रुळांवर आडवी-उभी ठेवून उजेडात बघितलं तेव्हा खालून फट दिसली. खडा काढला आणि निम्मं अडणं तिथेच संपलं.

उरलेलं निम्मं सरकत्या पात्यांचं. पातं मुख्य रुळाला टेकतं तेव्हा त्या टेकण्यातूनच त्याला वीज मिळते, आणि तिथे रंग, गोंद किंवा धूळ गेली की पातं मेलं. आधी पातं आणि रूळ यांच्यामध्ये अल्कोहोल लावलेला जाड कागद ओढून साफ करा. तरी परत परत होत असेल तर पात्याच्या मागच्या स्थिर भागापासून शेजारच्या मुख्य रुळापर्यंत बारीक लवचीक वायर सोल्डर करा. त्याआधी वीज बंद करून, पॉइंट रुळातून सुटा करून एक गोष्ट तपासा: मीटरच्या बीप सेटिंगवर दोन पाती एकमेकांशी जोडलेली दिसतात का? दिसली तर तुमचा पॉइंट धातूच्या जिवंत फ्रॉगचा आहे, तिथे अशी वायर लावलीत की सरळ शॉर्ट. त्या प्रकारात फ्रॉगला पॉइंटबरोबर बदलणाऱ्या स्विचमधून वीज द्यावी लागते आणि फ्रॉगपुढच्या आतल्या दोन रुळांना प्लॅस्टिकचे जॉइनर. लावायला कटकट आहे, पण छोटी इंजिनं चालवणाऱ्याने नवा पॉइंट घेताना मी तोच घ्यायला सांगेन. दुसरं असं की ज्या पॉइंटमुळे न वापरलेल्या सायडिंगची वीज आपोआप बंद होते, त्यात ही वायर लावल्यावर ती सोय जाते. उभं करून ठेवलेलं इंजिन अचानक चालू लागलं तर घाबरू नका.

डीसीसीवाल्यांना इथे कोणीतरी हमखास सांगतं, इंजिनात कीप-अलाइव्ह कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर तुटली तरी इंजिन चालू ठेवणारा साठा, बसवा. बसवा, उत्तम असतो. पण रूळ नीट केल्यावर. आधी बसवलात तर खराब जोड शोधायला साक्षीदारच उरत नाही.

फळ्यांचा सांधा, आणि घसरणारा डबा

1.1 व्होल्ट खाणारा जोड दोन फळ्यांच्या मधोमध होता. मी तापमानाला दोष देत होते, पण हिशेब केला तर निकेल सिल्व्हरचा 1 मीटर रूळ 20 अंशांच्या फरकाने जेमतेम 0.3 मिमी वाढतो. लाकूड हवेतल्या दमटपणाने त्याहून बरंच हलतं. दमट दिवसांत बिघाड वाढायचा तो यामुळे. फळ्यांना खालून दोन बोल्टने आवळलं, सांध्याच्या दोन्ही कडांना पितळी स्क्रू फळीत घुसवून रूळ त्यांच्या डोक्यावर सोल्डर केले, दोन्ही बाजूंना वेगळे फीडर दिले. तेव्हापासून तिथे अडणं नाही. फळीची चारही अंगं रंगवून घ्यायला हवी होती, कच्ची लाकडी कड दमटपणा पिते. पुढच्या वेळी.

याच सांध्यावर एक मालडबा घसरायचा, बाकीचे नाही. रूळ हाताने चाचपला, नखाला कुठे पायरी लागली नाही. मग डबा वजनकाट्यावर ठेवला. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची, म्हणजे एनएमआरएची, एचओ डब्यांसाठी शिफारस आहे: 1 औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. 6 इंची डबा म्हणजे 4 औंस, सुमारे 113 ग्रॅम. माझा भरला 61. आत तळाशी नट चिकटवून 110 पर्यंत नेला. त्यानंतर घसरलेला नाही.

आता नवीन काही जोडताना क्रम उलटा केला आहे. परवा दुसऱ्या सायडिंगचा पॉइंट बसवला. फीडर पहिल्याच दिवशी. मग बल्ब लावून प्रत्येक जोड मोजला आणि आकडे वहीत लिहिले, म्हणजे सहा महिन्यांनी तुलना करता येईल. खडी नाही, रंग नाही, तीन आठवडे उघड्या रुळावर शंटर रोज संध्याकाळी दहा मिनिटं, मुंगीच्या चालीने. भाच्याला ती सायडिंग ‘नागडी’ दिसते आणि खडी कधी टाकणार म्हणून तो रोज विचारतो. आतापर्यंत शंटर तिथे एकदाच थांबला, दिवा लख्ख होता. मागच्या चाकांच्या आसावर कापसाचा दोरा गुंडाळला गेला होता, त्या ओल्या बोळ्यांचाच.